शरणपूर ते चितांबो : डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासातील नाशिकचे सोबती (१८६४–१८७४)

प्रस्तावना :

'सफारी' हा शब्द आज मराठीत वन्यप्राणी पाहण्यासाठी काढलेल्या सहलीपुरता मर्यादित झाला आहे. मूळ अरबी 'सफर' हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला आणि फारसीच्या मार्गाने मराठीत 'सफर' म्हणून स्थिरावला. दोन्हीकडे त्याचा मूळ अर्थ केवळ 'प्रवास' असा होता. शिकार, करमणूक आणि छायाचित्रण हे अर्थ त्याला नंतर चिकटले.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात आज अशा सफरींचा मोठा व्यवसाय उभा आहे. दहा-वीस प्रवाशांचा एक गट, एक मजबूत ट्रक, एक-दोन वाटाडे, स्वयंपाकाचे सामान आणि तंबू एवढ्या साधनांनिशी केपटाउनहून नामिबिया व बोत्स्वाना पार करून झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जाता येते. रोज सायंकाळी प्रवाशांनी आपला तंबू आपण उभारायचा, आळीपाळीने भांडी घासायची, भाजी चिरायची आणि पहाटे सर्व आवरून पुढे निघायचे, असा या प्रवासाचा रिवाज आहे. भारतीय प्रवासी या वाटेवर अलीकडेच दिसू लागले. वर्णविद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासासाठी भारतीय पारपत्र अनेक दशके वैध नव्हते. १९९०च्या दशकात ती राजवट संपल्यावरच हा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे आफ्रिकेतील भूमार्गी गटप्रवास ही आपल्याकडच्या माणसांसाठी अगदी नवी गोष्ट आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८६६ साली मुंबईहून निघून आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरलेल्या एका छोट्या प्रवासी गटात नाशिकजवळच्या शरणपूर येथे वाढलेले नऊ तरुण होते. गटाचे प्रमुख होते डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. हा प्रवास सुमारे आठ वर्षे चालला. प्रमुखाचा मृत्यू झाल्यानंतरही गट विखुरला नाही, उलट आपल्या निर्णयाने त्याने तो प्रवास पूर्ण केला. प्रस्तुत निबंधात या गटाचा, विशेषतः त्यातील नाशिकच्या तरुणांचा, इतिहास मांडला आहे.

उद्दिष्टे व साधने :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) मुंबई इलाखा व आफ्रिका यांच्या एकोणिसाव्या शतकातील संबंधांच्या संदर्भात शरणपूरच्या आफ्रिकी तरुणांचे स्थान स्पष्ट करणे. २) लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासातील गटाची रचना, त्यातील फूट आणि एकजूट यांचा शोध घेणे. ३) या तरुणांना 'प्रवासी' न मानता 'सेवक' मानणाऱ्या इतिहासलेखनाची चिकित्सा करणे.

या विषयाचे प्रमुख साधन म्हणजे लिव्हिंग्स्टन यांची अखेरची रोजनिशी. त्यांच्या मृत्यूनंतर होरेस वॉलर यांनी ती संपादित करून १८७४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. शेवटच्या नऊ महिन्यांचा, म्हणजे मृत्यूनंतरचा, वृत्तांत वॉलर यांनी सुसी व चुमा या दोन सोबत्यांच्या तोंडी निवेदनावरून तयार केला. दुसरे साधन शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट याने लिहिलेल्या दैनंदिनीचे आहे. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापले गेले. मूळ इंग्रजी मजकूर मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. पहिले साधन प्रमुखाच्या नजरेतून लिहिलेले आहे आणि दुसरे सोबत्याच्या. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

महाराष्ट्राला आफ्रिकी माणूस अपरिचित नव्हता. निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर (मृत्यू १६२६) आणि जंजिऱ्याचे सिद्दी ही नावे मराठी वाचकाला शालेय वयापासून ठाऊक असतात. एकोणिसाव्या शतकात या संबंधाला निराळे वळण मिळाले. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडू लागले. त्यांतून सोडवलेल्या माणसांपैकी काहींना मुंबई बंदरात उतरविले जाई. त्यांतील मुलांना मिशनऱ्यांच्या स्वाधीन करण्याची पद्धत पडली. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या शरणपूर या वसाहतीत अशा मुलांसाठी आश्रयगृह होते. विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे प्रमुख होते. येथे मुलांना इंग्रजी शिक्षण व हातच्या कसबाचे शिक्षण मिळे. त्यांना नवी, ख्रिस्ती नावे दिली जात. पुढे युरोपीय कागदपत्रांत ही मुले 'नासिक बॉइज' या एकाच नावाने ओळखली गेली. त्यांतील कोणी याओ जमातीचा होता, तर कोणी अन्य जमातीचा. कागदोपत्री मात्र सर्वांचे गाव एकच झाले.

लिव्हिंग्स्टन यांचा मुंबईशी संबंध १८६४ मध्ये आला. झांबेझीवरील मोहीम संपल्यावर 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट त्यांनी झांझिबारहून स्वतः हाकारत आणली आणि १३ जून १८६४ रोजी मुंबई गाठली. त्यांच्यासोबत चुमा व विकाटानी ही दोन मुले होती. जुलै १८६१ मध्ये शिरे नदीच्या डोंगराळ प्रदेशात, म्हणजे आजच्या मलावी देशात, गुलामांच्या एका तांड्यातून सोडविलेल्या लोकांत ती होती. त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवण्यात आले. शुपांगा येथील सुसी हाही याच काळात मुंबईच्या गोदीत काम करीत होता.

११ सप्टेंबर १८६५ रोजी लिव्हिंग्स्टन नव्या मोहिमेच्या तयारीसाठी पुन्हा मुंबईत आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे त्यांना पूर्ण साहाय्य होते. ते स्वतः नाशिकला गेले व तेथील तरुणांपैकी नऊ जण मोहिमेत येण्यास तयार झाले. या काळाचा वऱ्हाडशी असलेला एक धागा येथे नोंदविणे आवश्यक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला होता आणि त्या पैशावर मुंबईत बँका व कंपन्यांचे पेव फुटले होते. युद्ध संपताच तो फुगा फुटला. 'लेडी न्यासा' विकून आलेले सुमारे २३०० पौंड लिव्हिंग्स्टन यांनी भारतातील एका बँकेत ठेवले होते. ती बँकही या पडझडीत बुडाली. कारंजा-खामगावच्या कापूसबाजारातील तेजीमंदीचे हादरे अशा रीतीने आफ्रिकेच्या अंतर्भागात निघालेल्या मोहिमेच्या खिशापर्यंत पोहोचले होते.

गटाची रचना :

५ जानेवारी १८६६ रोजी 'थूल' या जहाजाने मुंबई सोडून हा गट तेवीस दिवसांनी झांझिबारला पोहोचला. मार्चअखेर किनाऱ्यावर उतरून तो रोवुमा नदीच्या दिशेने निघाला. ही नदी आज टांझानिया व मोझांबिक यांची सीमा आहे. लिव्हिंग्स्टन यांच्याखेरीज गटात ३६ माणसे होती : मुंबईच्या पलटणीतील १३ शिपाई, कोमोरो बेटांतील जोहाना येथील १० जण, नाशिकचे ९ तरुण, शुपांगाचे दोघे आणि चुमा व विकाटानी. बरोबर सहा उंट, तीन म्हशी व एक पारडू, दोन खेचरे आणि चार गाढवे होती. म्हशी मुंबईहून नेण्यामागे एक प्रयोग होता. आफ्रिकेतील त्सेत्से माशी चावल्याने गुरे दगावतात. हिंदुस्थानी म्हैस त्या माशीपुढे टिकते काय, हे लिव्हिंग्स्टन यांना पाहायचे होते.

त्या काळच्या मानाने हा गट लहानच होता. झांझिबारहून हस्तिदंत व गुलाम यांच्या व्यापारासाठी निघणाऱ्या अरब व्यापाऱ्यांच्या काफिल्यांत शेकडो माणसे असत. १८७१ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ निघालेल्या हेन्री स्टॅन्ले यांच्या मोहिमेतही सुमारे १९० माणसे होती. लहान गट कमी धान्यावर जगतो, गावकऱ्यांना त्याची भीती वाटत नाही आणि वाट बदलणे त्याला सोपे जाते. परंतु लहान गटात प्रत्येक माणूस मोलाचा असतो. एक माणूस आजारी पडला की एक ओझे जमिनीवर राहते. एक माणूस पळाला की त्याच्या डोक्यावरचे सामानही जाते. पुढील आठ वर्षांच्या घडामोडी या साध्या गणिताने बऱ्याच अंशी उलगडतात.

तांडा आणि काफिला :

वाशीम जिल्ह्यातील अभ्यासकाला अशा प्रवासाची तुलना करण्यासाठी दूर जावे लागत नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान म्हणजे बंजारा समाजाचे सर्वोच्च श्रद्धास्थान आहे. रेल्वेपूर्व काळात याच समाजाने पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन देशभर धान्य, मीठ व कापूस पोहोचविला. १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात प्रवास करताना पीटर मंडी या इंग्रजाने धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. बायकामुलांसह सारे घरदार सोबत असते, दिवसाकाठी सहा-सात मैलांपलीकडे मजल जात नाही आणि ओझी उतरवून बैल चरायला सोडले जातात, असेही त्याने लिहिले आहे. वऱ्हाड पोलीस खात्यातील कंबरलेज यांच्या एकोणिसाव्या शतकातील टिपणात तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या 'हातडिया' नामक बैलाचे वर्णन आहे. त्याच्यावर कधीही ओझे लादले जात नसे. कवड्यांच्या माळा व घुंगरू यांनी त्याला सजविलेले असे, आणि तो थकून जेथे बसे तेथेच त्या दिवशीचा मुक्काम पडे.

या दोन व्यवस्थांमधील साम्य व भेद दोन्ही बोधप्रद आहेत. नायकाचे नेतृत्व, कामांची वाटणी, पाणी व निवारा पाहून ठरणारा मुक्काम आणि वाटेवरच्या गावांशी करावी लागणारी बोलणी ही अंगे दोन्हीकडे सारखी आहेत. मूलभूत भेद ओझे कोण वाहतो यात आहे. तांड्यात ते बैल वाहत असे. त्सेत्से माशीच्या पट्ट्यात गुरे जगत नसल्यामुळे आफ्रिकेच्या त्या भागात माणसाचे डोके हेच वाहतुकीचे एकमेव साधन होते. लिव्हिंग्स्टन यांचे उंट व म्हशी पहिल्या काही महिन्यांतच दगावल्या. माशीमुळे त्या दगावल्या, की शिपायांनी अतिरिक्त ओझी लादून केलेल्या हालांमुळे, याचा निर्णय होऊ शकला नाही व प्रयोग वाया गेला. जनावरे गेल्यावर त्यांचा भार माणसांवर आला.

दुसरा भेद अधिक खोल आहे. तांड्यातील प्रत्येक जण आपल्या आप्तांसह चालत होता आणि प्रवास हेच त्याचे घर होते. लिव्हिंग्स्टन यांच्या गटातील माणसे मात्र चार-पाच ठिकाणांहून एकत्र आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी होती. त्यांना जोडणारे नाते प्रवासातच निर्माण होणार होते, किंवा प्रवासातच तुटणार होते.

फूट आणि एकजूट :

आरंभीचा काळ फुटीचा होता. मुंबईचे शिपाई मागे रेंगाळू लागल्याने जुलै १८६६ मध्ये त्यांना परत पाठविण्यात आले. सप्टेंबरमध्ये न्यासा सरोवराच्या दक्षिणेस विकाटानी आपले नातलग भेटल्याचे सांगून मागे राहिला. त्याच महिन्यात पुढे लुटारू टोळ्या असल्याच्या वार्तेने घाबरून जोहानाची माणसे निघून गेली. आपला पगार वसूल व्हावा म्हणून त्यांनी झांझिबारला लिव्हिंग्स्टन मारले गेल्याची खोटी बातमी दिली. ती खोटी ठरविण्यासाठी १८६७ मध्ये इंग्लंडहून स्वतंत्र शोधमोहीम पाठवावी लागली.

नाशिकच्या तरुणांचे प्रसंग याहून निराळे आहेत. त्यांच्यापैकी काही जण ज्या प्रदेशातून लहानपणी पळवून नेले गेले होते, त्याच प्रदेशातून हा मार्ग जात होता. वाटेत गुलामांच्या टोळ्या व मागे टाकलेल्या गुलामांची प्रेते दिसत होती. याओ लोकांच्या प्रदेशात अब्राहम या तरुणाला त्याचा मामा भेटला. अब्राहमला पळविल्यानंतर त्याची आई व दोन बहिणी यांनाही अरबांना विकल्याचे मामाने सांगितले. मामाने त्याला राहण्याचा आग्रह केला. लिव्हिंग्स्टन यांनीही दुजोरा देऊन काही महिने पुरेल एवढे सामान देऊ केले. परंतु जेथे आई नाही आणि बहीण नाही तेथे मी कसा राहू, असेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, अशी नोंद रोजनिशीत आहे. अब्राहम गटासोबत पुढे गेला.

या प्रसंगाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. गुलामगिरीतून मुक्ती म्हणजे घरी परतणे, असे समीकरण दयाबुद्धीच्या लेखनात गृहीत धरले जाते. अब्राहमला गाव सापडले, आप्तही सापडला, तथापि घर सापडले नाही. गुलामांच्या व्यापाराने माणसाबरोबर त्याचे घरही नष्ट केले होते. अशा माणसाला चालता गट हाच सर्वांत जवळचा आधार वाटला असेल, तर त्याला केवळ धन्यावरील निष्ठा म्हणणे अपुरे ठरते.

२० जानेवारी १८६७ रोजी औषधांची पेटी नाहीशी झाली. ती नाशिकचा बराका हा तरुण काळजीपूर्वक वाहत असे. त्या दिवशी दुसऱ्या एका ओझेकऱ्याने त्याच्याशी ओझ्याची अदलाबदल केली आणि तो आपल्या साथीदारासह जंगलात पसार झाला. क्विनाइनशिवाय हिवतापाच्या प्रदेशात पुढे जाणे म्हणजे मृत्युदंडच होय, असे लिव्हिंग्स्टन यांना वाटले. ते गेले, परंतु त्यानंतर त्यांची प्रकृती कधीच पूर्ववत झाली नाही.

एप्रिल १८६८ मध्ये बांग्वेउलू सरोवराकडे जाण्यास बहुतेक सोबत्यांनी नकार दिला आणि लिव्हिंग्स्टन अवघ्या पाच माणसांनिशी निघाले. नकार देणाऱ्यांत चुमा व सुसीही होते. सततच्या पायपिटीला ते कंटाळले आहेत आणि मीही कंटाळलो आहे, अशा आशयाची कबुली लिव्हिंग्स्टन यांनी रोजनिशीत दिली. परतल्यावर त्यांनी त्या माणसांना पुन्हा सामावून घेतले. नकाराची ही घटना पुढील काळात जवळजवळ विसरली गेली. वस्तुतः ती महत्त्वाची आहे. जो नकार देऊ शकतो त्याचाच होकार अर्थपूर्ण असतो, आणि पाच वर्षांनी याच माणसांनी घेतलेला निर्णय त्यांच्या स्वतःच्या इच्छेचा होता, हे त्यावरून सिद्ध होते.

चितांबो ते बागामोयो :

१८७१ मध्ये उजिजी येथे स्टॅन्ले यांची भेट झाल्यानंतर त्यांनी किनाऱ्याहून ताज्या माणसांची तुकडी पाठविली. ती ऑगस्ट १८७२ मध्ये उन्यान्येंबे (आजचे ताबोरा) येथे लिव्हिंग्स्टन यांना मिळाली. तिच्यात नाशिकचे आणखी काही तरुण होते. त्यांपैकी जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व कॅरस फॅरार यांची नावे विशेष परिचित आहेत. गटात स्त्रियाही होत्या. स्वयंपाक सांभाळणारी हलिमा ही त्यांपैकी एक. लिव्हिंग्स्टन यांनी तिच्या कामाची वाखाणणी केली आहे.

पावसाळ्यात बांग्वेउलूच्या दलदलीतून वाट काढताना लिव्हिंग्स्टन यांचा आजार बळावला. अखेरच्या दिवसांत त्यांना डोलीतून न्यावे लागले. १ मे १८७३ रोजी पहाटे चितांबो या प्रमुखाच्या गावी, आजच्या झांबियात, ते बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले.

यापुढचा भाग गटाच्या इतिहासातील कळसाचा आहे. कोणीही गोरा अधिकारी जवळ नव्हता, किनारा हजार मैलांहून दूर होता आणि वेतन मिळण्याची शाश्वती उरली नव्हती. मृताचे दफन करून परतणे सर्वांत सोपे होते. गटाने एकत्र बसून विचार केला व सुसी आणि चुमा यांना नायक निवडले. मृतदेह किनाऱ्यापर्यंत न्यावयाचा, असे ठरले. सामानाची यादी करून ती जेकबने लिहून काढली. डॉक्टरांच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या फरजल्ला याने शव उघडून हृदय व आतडी काढली. ती एका मोठ्या झाडाखाली पुरण्यात आली आणि जेकबने प्रार्थना वाचली. त्या झाडावर त्याने नाव व दिनांक कोरला. देह मिठाने भरून सुमारे चौदा दिवस उन्हात सुकविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवले आणि तो एका दांड्याला बांधला. चितांबो प्रमुखाने या कामी सहकार्य केले, हेही नोंदविले पाहिजे.

लुआपुला ओलांडून टांगानिका सरोवराच्या दक्षिणेकडून हा गट निघाला. साठच्या आसपास माणसांचा हा गट आजारपण व वाटेवरील संघर्ष यांना तोंड देत ऑक्टोबर १८७३ मध्ये उन्यान्येंबेला पोहोचला. तेथे लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी निघालेले लेफ्टनंट कॅमेरॉन भेटले. देह तेथेच पुरावा, असे त्यांनी सुचविले. गटाने ते मानले नाही. पुढे मृतदेह गावातून नेण्यास लोकांनी विरोध केला, तेव्हा गटाने युक्ती योजली. काटक्यांचे खोटे शव तयार करून काही माणसे ते परत पुरायला नेत असल्याचा देखावा केला, आणि खरा देह व्यापारी मालाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये, सुमारे नऊ महिन्यांच्या वाटचालीनंतर, हा गट बागामोयो येथे समुद्रकिनारी पोहोचला. वाटेत गटातील काही जण मृत्यू पावले होते.

या प्रवासात निवडलेले नेतृत्व, कौशल्यानुसार कामाची वाटणी, लेखी नोंद, एकमताचा निर्णय व बाहेरच्या दडपणाला नकार हे सर्व आढळते. शरणपूरच्या तरुणांचे लेखन-वाचन, सुसी-चुमांचा दीर्घ अनुभव आणि झांझिबारच्या ओझेकऱ्यांचे वाटेचे ज्ञान यांच्या संयोगातून ही व्यवस्था घडली. सात वर्षांपूर्वी ज्या माणसांना जोडणारे काहीच नव्हते, त्यांतून आता एक संस्था निर्माण झाली होती.

इतिहासलेखनातील स्थान :

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंग्स्टन यांचे दफन झाले. गटापैकी त्या प्रसंगी एकटा जेकब वेनराइट उपस्थित होता. सुसी व चुमा नंतर इंग्लंडला पोहोचले आणि वॉलर यांना संपादनकार्यात साहाय्य करून परतले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ सोबत्यांसाठी पदके पाडली. त्यांवर 'अखेरपर्यंत निष्ठावंत' या अर्थाची अक्षरे होती. पदके तयार होईपर्यंत माणसे पांगली होती आणि अनेकांच्या हाती ती कधी पडलीच नाहीत.

'निष्ठावंत' या एका विशेषणाने या माणसांचा गौरव झाला आणि त्याच विशेषणाने त्यांचे कर्तृत्व झाकलेही गेले. निष्ठा हा सेवकाचा गुण मानला जातो. नियोजन, धाडस, मुत्सद्दीपणा हे प्रवाशाचे गुण मानले जातात. चितांबो ते बागामोयो या वाटेवर दिसणारे गुण दुसऱ्या प्रकारचे आहेत. तरीही भूगोलाच्या इतिहासात 'प्रवासी' म्हणून नाव लागले ते एकाच व्यक्तीचे. याच सोबत्यांनी पुढे अन्य मोहिमा यशस्वी केल्या, ही बाब लक्षणीय आहे. १८७९ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या मोहिमेचा काफिला चुमाच्या नेतृत्वाखाली होता. शरणपूरचे अनेक आफ्रिकी रहिवासी १८७५ पासून मोंबासाजवळ वसविलेल्या 'फ्रिअर टाउन' या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. तिचे नाव मुंबईच्या माजी गव्हर्नरांवरून ठेवले होते आणि उभारणी नाशिकच्याच प्राइस यांनी केली. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात हे लोक 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणून ओळखले जातात. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र त्यांना अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही. २०१९ मध्ये झिंबाब्वेच्या लेखिका पेटिना गप्पा यांनी हलिमा व जेकब यांना निवेदक करून या प्रवासावर इंग्रजी कादंबरी लिहिली. ज्यांनी देह वाहिला त्यांच्या बाजूने ही कथा सांगण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होय.

बंजारा समाजाच्या इतिहासाशी याची सांगड घालता येते. ज्या तांड्यांवर सैन्ये व बाजारपेठा अवलंबून होत्या, त्यांना वसाहतकालीन लेखनात संशयित भटके ठरविण्यात आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर विविध प्रांतांत या समाजाच्या काही गटांवर तो शिक्का बसला, आणि हा कायदा रद्द होण्यास ३१ ऑगस्ट १९५२ ही तारीख उजाडावी लागली. एका गटाच्या वाट्याला 'गुन्हेगार' हा शब्द आला, दुसऱ्याच्या वाट्याला 'निष्ठावंत सेवक'. दोन्ही शब्दांनी चालणाऱ्या माणसाची स्वतंत्र ओळख पुसली, हे समान सूत्र आहे.

निष्कर्ष :

१) आफ्रिकेच्या अंतर्भागातील भूमार्गी गटप्रवासाशी महाराष्ट्राचा संबंध आधुनिक पर्यटनापेक्षा किमान सव्वाशे वर्षे जुना आहे. १८६६ व १८७२ मध्ये शरणपूरचे तरुण त्या प्रवासात सहभागी झाले होते.

२) या तरुणांचा सहभाग गुलामांचा व्यापार, ब्रिटिश आरमार, मिशनरी शिक्षण आणि मुंबईचे भांडवल या चार घटकांच्या छेदबिंदूवर घडला. त्यामुळे तो केवळ आफ्रिकेच्या किंवा केवळ धर्मप्रसाराच्या इतिहासाचा भाग मानता येत नाही.

३) अशा प्रवासाचे यश एकट्या प्रमुखावर अवलंबून नव्हते. प्रमुखाच्या मृत्यूनंतर गटाने निवडलेले नेतृत्व व घेतलेले निर्णय हा त्याचा ठोस पुरावा आहे.

४) १८६८ मधील नकार आणि १८७३ मधील संकल्प एकत्र वाचल्यास 'निष्ठावंत सेवक' ही प्रतिमा टिकत नाही. हे लोक विचारपूर्वक निर्णय घेणारे प्रवासी होते.

चितांबो येथे ज्या झाडाखाली लिव्हिंग्स्टन यांचे हृदय पुरले होते, तेथे १९०२ पासून स्मारकस्तंभ उभा आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात सफरीसाठी जाणाऱ्या मराठी प्रवाशाला तो पाहता येतो. नाशिकच्या शरणपूरमध्ये वाढलेल्या एका तरुणाने तेथे प्रार्थना वाचली होती आणि झाडावर अक्षरे कोरली होती, ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांचे आहे. मुंबई इलाख्याची दफ्तरे, मिशनची नोंदपत्रे आणि बंदराचे अभिलेख या दृष्टीने पुन्हा तपासले गेल्यास नऊ नावांच्या मागे असलेली आणखी अनेक नावे प्रकाशात येऊ शकतील.